डोळ्यातल्या उलट्या चित्राची कुळकथा

डोळ्याच्या पडद्यावर जगाचं चित्र उलटं पडतं, हे आज दहावीचा विद्यार्थीही सांगतो. पण हे मान्य करायला माणसाला जवळपास दोन हजार वर्षं लागली. त्या अवधीत बुद्धिमान माणसांची वानवा नव्हती. अडचण होती ती एकाच आग्रहाची: डोळ्यात जे काही घडतं, ते सुलटच असलं पाहिजे.

प्राचीन ग्रीक विद्वान युक्लिड आणि टॉलेमी यांच्या मते किरण डोळ्यातून बाहेर पडून वस्तूला जाऊन भिडत. आपले न्यायदर्शनाचे पंडित, म्हणजे नैयायिकही डोळ्याला तैजस, म्हणजे तेजाचा बनलेला मानत आणि रात्री हिंडणाऱ्या प्राण्यांच्या चमकत्या डोळ्यांचा दाखला देत. अकराव्या शतकात कैरोमध्ये इब्न अल-हैथम यांनी ही दिशा फिरवली. प्रखर उजेडाकडे पाहिलं की डोळा दुखतो, म्हणजे प्रकाश बाहेरून आत येतो, असं ते म्हणाले. वस्तूच्या प्रत्येक बिंदूपासून प्रकाश सगळीकडे पसरतो, हेही त्यांनी ओळखलं. मग डोळ्यात या सगळ्याची सरमिसळ का होत नाही? डोळ्यावर काटकोनात येणारे किरणच जाणवतात, असा मार्ग त्यांनी काढला. पण हे किरण आत एकमेकांना छेदले तर चित्र उलटं होणार. म्हणून छेदण्याआधीच ते डोळ्यातल्या भिंगाच्या मागच्या बाजूला वळतात, असं त्यांनी मांडलं.

ही कोंडी फोडली ती एका खगोलशास्त्रज्ञाने. १० जुलै १६०० रोजी योहान्नेस केप्लर यांनी ऑस्ट्रियातल्या ग्राझ गावी सूर्यग्रहण पाहिलं. बारीक छिद्रातून पडद्यावर पाडलेल्या ग्रहणाच्या चित्रात चंद्र असायला हवा त्याहून लहान दिसे. खगोलशास्त्रज्ञ टायको ब्राहे यांनाही हे कोडं पडलं होतं. छिद्राला स्वतःची रुंदी असते, त्यामुळे सूर्याची तेजस्वी कड पसरते आणि चंद्राला खाते, हे केप्लर यांनी शोधलं. साधन असं फसवत असेल, तर डोळा हेही साधनच की! त्यांनी पाण्याने भरलेला काचेचा गोल घेतला, त्यापुढे लहान छिद्र ठेवलं आणि मागे कागद धरून किरण कुठे जमतात ते तपासलं.

१६०४च्या ग्रंथात त्यांनी उत्तर दिलं. एका बिंदूपासून निघालेले किरण बाहुलीभर पसरून आत शिरतात, वाकतात आणि डोळ्याच्या पडद्यावर पुन्हा एका बिंदूत येतात. असे असंख्य बिंदू मिळून चित्र बनतं, आणि ते उलटं असतं. मन ते सुलट कसं समजतं, हा प्रश्न त्यांनी तत्त्वज्ञांवर सोपवला. प्रकाशाचा हिशेब पडद्यापाशी संपतो, असं ठामपणे म्हणण्यातच त्यांचं मोठेपण आहे.

पुरावा पुढे आला. फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्त यांनी १६३७मध्ये लिहिलेला प्रयोग असा: मेलेल्या बैलाच्या डोळ्याचं मागचं आवरण अलगद काढायचं, तिथे पातळ कागद किंवा अंड्याच्या कवचाचा तुकडा लावायचा आणि डोळा अंधाऱ्या खोलीच्या भोकात बसवायचा. त्या कागदावर बाहेरचं सगळं दृश्य उलटं उमटतं. डोळा जरा जास्त दाबला की ते धूसर होतं.

डोळ्यात हे किरण वाकवण्याचं जवळपास दोन तृतीयांश काम भिंग नव्हे, पुढचं पारदर्शक पारपटल करतं. विहिरीत बुडी मारून डोळे उघडले की सगळं धूसर दिसतं, कारण पाण्यात पारपटलाची ही ताकद जवळजवळ संपते. हाच गुण १८०१मध्ये इंग्लिश वैद्य टॉमस यंग यांनी वापरला. स्वतःच्या डोळ्यापुढे पाणी धरून त्यांनी पारपटल निकामी केलं, तरी डोळा जवळ-दूर जुळवून घेतच राहिला. म्हणजे जुळवणारं भिंगच! १८५५मध्ये जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ यांनी त्याची रीत सांगितली: भिंगाभोवतीचा स्नायू आवळला की भिंगाला धरणारे तंतू सैलावतात आणि भिंग फुगतं. वयाबरोबर भिंग कडक होतं, तेव्हा चाळिशी लागते.

चष्मा युरोपात तेराव्या शतकाच्या अखेरीसच आला होता. तीनशे वर्षं लोक तो लावत होते, पण तो का लागू पडतो हे केप्लर यांच्यापर्यंत कुणी सांगू शकलं नाही. लांबचं न दिसणाऱ्याच्या डोळ्यात किरण पडद्याच्या अलीकडेच जमतात, हे त्यांनीच दाखवलं. आज चष्म्याच्या कागदावर वजा दोन लिहिलेलं असतं, त्याचा अर्थ हाच: अर्ध्या मीटरपलीकडच्या वस्तूचे किरण पडद्याआधीच एकत्र येतात. उलटं चित्र नाकारलं असतं, तर हा नंबर मोजताच आला नसता.