होडीमागे टांगलेले इंजिन

सरोवरापलीकडून वल्ही मारत आणलेले आइस्क्रीम वाटेतच वितळले आणि त्या वैतागातून ओले एव्हिनरूडला होडीमागे टांगायचे इंजिन सुचले, अशी एक गोष्ट सांगतात. ती खरी असो वा नसो, नॉर्वेत जन्मलेल्या आणि अमेरिकेतील विस्कॉन्सिनमध्ये वाढलेल्या या यंत्रज्ञाने १९०९ मध्ये विक्रीस काढलेले इंजिन दीड अश्वशक्तीचे व सुमारे २८ किलो वजनाचे होते. गोड्या पाण्यातल्या सहलीला ते पुरेसे होते.

हीच कल्पना सत्तर वर्षांनी केरळच्या खाऱ्या पाण्यात उतरली. १९८० नंतर ट्रॉलरच्या स्पर्धेने गांजलेल्या पारंपरिक मच्छीमारांनी अशी इंजिने झपाट्याने घेतली. वास्तविक अधिक टिकाऊ डिझेल इंजिने उपलब्ध होती. १९५२ च्या इंडो-नॉर्वेजियन प्रकल्पापासून केरळात यांत्रिक बोटी होत्याच. मग हे नाजूक यंत्र का निवडले?

उत्तर किनाऱ्यात आहे. जिथे बंदर नाही, तिथे होडी फुटणाऱ्या लाटांतून थेट वाळूवर ओढावी लागते. तळाखाली पक्का बसवलेला पंखा तिथे रुतेल, मोडेल. टांगलेले इंजिन मात्र क्षणात वर कलते आणि स्क्रू सैल केले की खांद्यावरून घरी नेता येते. (कोकणात होड्या नांगरायला खाड्या आहेत, त्यामुळे आपल्याला ही अडचण चटकन जाणवत नाही.)

या सोयीची किंमत देखभालीत मोजावी लागली. पेट्रोल महाग, म्हणून इंजिन रॉकेलवर. पण रॉकेलची वाफ थंड इंजिनात नीट होत नाही. म्हणून सुरुवात पेट्रोलवर करायची, तापल्यावर रॉकेलवर जायचे आणि बंद करण्यापूर्वी पुन्हा पेट्रोलवर यायचे. यात आळस केला की स्पार्क प्लग काजळतो. इंजिन थंड ठेवणारे पाणी समुद्रातूनच येते आणि ते ओढणारे रबरी चक्र वाळूने झिजते. म्हणून इंजिनातून बाहेर पडणाऱ्या पाण्याच्या बारीक धारेवर चालकाची नजर असते. ती धार थांबली आणि लक्ष गेले नाही, तर खोल समुद्रात दट्ट्या जाम होऊन होडी भरकटते. मोठ्या होड्यांवर एकाऐवजी दोन-तीन इंजिने दिसू लागली, त्यामागे हीही भीती आहे.

धातूचे भाग वाचवण्यासाठी जस्ताचा ठोकळा लावतात. तो स्वतः झिजतो आणि अॅल्युमिनियमला वाचवतो. इथे चौकस विद्यार्थी विचारील, की पाठ्यपुस्तकातील श्रेणीत तर अॅल्युमिनियम जस्ताहून क्रियाशील आहे! खरे आहे, पण त्यावरील ऑक्साइडच्या पातळ थरामुळे समुद्राच्या पाण्यात क्रम उलटतो.

आतल्या मिठावर मात्र एकच उपाय आहे. परतल्यावर इंजिन पिंपभर गोड्या पाण्यात काही मिनिटे चालवायचे. हे पाणी रोज लागते, आणि किनाऱ्यावरच्या कित्येक वस्त्यांत प्यायचे पाणीच डोक्यावरून आणावे लागते. ते आणणाऱ्या बाईला आधी इंजिन धुवायला सांगायचे कोणी?