शाळाप्रवेश-तक्रारींची सुनावणी : प्रशिक्षण (पन्हाळा तालुका)

शाळेने प्रवेश नाकारला किंवा मिळालेला प्रवेश कागदपत्रांच्या पडताळणीत रद्द झाला, तर पालकाचे म्हणणे ऐकून निर्णय देणाऱ्यांची तयारी. कोल्हापूर जिल्ह्यातील पन्हाळा तालुक्यात अशी गाऱ्हाणी सहसा आधी पंचायत समितीच्या गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे येतात.

या सुनावणीचा आधार बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ हा आहे. तो १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. कलम ३२ नुसार लेखी तक्रार स्थानिक प्राधिकरणाकडे करता येते. प्राधिकरणाने दोन्ही पक्षांना म्हणणे मांडण्याची संधी देऊन तीन महिन्यांत निर्णय द्यायचा असतो. त्यावर अपील राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे, म्हणजे मुंबईला. जूनमध्ये शाळा सुरू होते. तीन महिने पुरते वापरले तर निकाल येईपर्यंत पहिले सत्र निम्म्याहून अधिक सरते. म्हणून तालुक्यातली पहिली सुनावणीच बहुतेक पालकांसाठी खरी सुनावणी ठरते. असे असूनही ती घेणाऱ्याने प्रशिक्षण घेतलेले असावे, अशी अट कलम ३२ मध्ये नाही. कायद्यातली ही उणीव गंभीर आहे.

पन्हाळा हा कोल्हापूर संस्थानातला पेटा (तालुका) होता. १९१७ मध्ये शाहू छत्रपतींनी प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचे केले, तेव्हा मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला दंड होता. आज दाद मागणारा पालक आहे आणि उत्तर शाळेला द्यायचे आहे.

प्रशिक्षणाचा गाभा नैसर्गिक न्यायाचा. सर्वोच्च न्यायालयाचे तीन निकाल त्यासाठी पुरेसे बोलके आहेत. गुल्लापल्ली नागेश्वर राव खटल्यात (१९५९) सचिवाने ऐकले आणि निर्णय मुख्यमंत्र्यांनी दिला. ज्याने ऐकले त्यानेच निर्णय द्यावा, असे न्यायालयाने म्हटले. क्रैपक खटल्यात (१९६९) निवड मंडळावर बसलेला अधिकारी स्वतःच उमेदवार होता, म्हणून निवड रद्द झाली. मोहिंदरसिंग गिल खटल्यात (१९७८) आदेशात न लिहिलेली कारणे मागाहून जोडता येत नाहीत, हे ठरले. तालुक्याच्या पातळीवर याचा अर्थ सरळ आहे : ज्याने कागद तपासून अर्ज बाद केला त्याने त्याच अर्जाची तक्रार ऐकू नये, आणि ‘कागदपत्रे अपूर्ण’ एवढ्या दोन शब्दांवर आदेश थांबू नये. कोणता कागद, त्यात काय कमी, ते पूर्ण करायला किती मुदत दिली, हे लिहिलेच पाहिजे.

स्थानिक परिस्थितीची जाण हा प्रशिक्षणाचा दुसरा भाग, आणि पन्हाळ्यात तोच अधिक कठीण. कलम १२ खालील, वंचित व दुर्बल घटकांतल्या मुलांसाठीच्या २५ टक्के राखीव जागांसाठी ऑनलाइन अर्ज भरताना घराची जागा नकाशावर दाखवावी लागते. डोंगराळ वाडीत खूण थोडी सरकली, तरी शाळेपासूनचे अंतर बदलते. ती चूक आणि जाणूनबुजून दिलेली खोटी माहिती यांतला फरक ऐकणाऱ्याला ओळखता यायला हवा. वारणानगर, आसुर्ले-पोर्ले या कारखान्यांच्या भागात हंगामात बाहेरून ऊसतोड टोळ्या येतात. त्यांच्या मुलांजवळ आधीच्या शाळेचा दाखला नसतो, कधी जन्माचा पुरावाही नसतो. कलम ५ प्रमाणे दाखल्याला उशीर झाला म्हणून आणि कलम १४ प्रमाणे वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. ही दोन कलमे सुनावणी घेणाऱ्याला तोंडपाठ हवीत. तारीखही अशी द्यावी की आई-बापाची तोड बुडणार नाही, आणि नोटीस केवळ मुकादमाच्या हाती पडून राहणार नाही.

इंग्लंडमध्ये शाळाप्रवेशाच्या तक्रारी ऐकण्यासाठी स्वतंत्र मंडळे आहेत. किमान तिघांच्या मंडळात एक शिक्षणक्षेत्राबाहेरचा आणि एक शिक्षणाचा अनुभव असलेला सदस्य लागतो. प्रशिक्षण घेतल्याशिवाय सदस्याला सुनावणीत बसता येत नाही. निर्णय कारणांसह, शक्यतो शाळेच्या पाच दिवसांत कळवायचा असतो. यातली प्रशिक्षणाची अट महाराष्ट्राने उचलण्याजोगी आहे. कोल्हापूरची जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था आणि पुण्याची यशदा ही प्रशासकीय प्रशिक्षण संस्था यांच्यामार्फत हे प्रशिक्षण होऊ शकते.

सुनावणीला मर्यादाही आहेत. सरकारी किंवा अनुदानित शाळा एक किलोमीटरच्या आत असेल, तर खासगी विनाअनुदानित शाळेला २५ टक्क्यांतून सूट देणारा बदल राज्याने ९ फेब्रुवारी २०२४ रोजी नियमांत केला. तो १९ जुलै २०२४ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने रद्द केला. नियमच चुकीचा असला, तर त्याची दाद न्यायालयातच मागावी लागते. तालुक्याच्या अधिकाऱ्याला तो बदलण्याचा अधिकार नसतो.