पहिला अपराध आणि जामीनदार : मावळातील खटलापूर्व सुटकेच्या रीतींचा ऐतिहासिक विचार

प्रस्तावना

प्रथमच अपराध करणाऱ्या व्यक्तीस खटल्याच्या चक्रात न ढकलता काही अटींवर सोडून द्यावे व तिला सुधारण्याची संधी द्यावी, हा विचार अपराधशास्त्रात बहुधा अमेरिकेच्या नावावर मांडला जातो. १८४१ मध्ये बोस्टनच्या न्यायालयात एका मद्यपीस स्वतः जामीन राहून सोडविणारा जॉन ऑगस्टस हा बूट तयार करणारा कारागीर आणि १९६० च्या दशकातील न्यूयॉर्कच्या व्हेरा संस्थेचे प्रयोग ही त्या इतिहासाची ठरलेली स्थळे होत. भारतासंबंधीचे विवेचन मात्र बहुतेक वेळा १९५८ च्या अपराधी परिवीक्षा अधिनियमापासून सुरू होते आणि तेथेच संपते. प्रस्तुत लेखात मावळ तालुका व लोणावळा यांच्या संदर्भात या प्रश्नाचा मागोवा घेतला आहे. पहिला अपराध खटल्याबाहेर मिटविण्याच्या रीती या प्रदेशात पूर्वीपासून होत्या. आधुनिक कायद्याने दया कायम ठेवली, पण तिचे स्थान दोषसिद्धीच्या पलीकडे नेले, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

फैलजामीन

पवन मावळ, नाणे मावळ आणि आंदर मावळ ही आजच्या तालुक्यातील खोरी देशमुख-देशपांडे, पाटील-कुलकर्णी आणि गोतसभा यांच्या कारभाराखाली होती. मराठेशाहीच्या व्यवहारात जामिनाचे अनेक प्रकार आढळतात. इसम बोलावल्या वेळी हजर होईल याची हमी देणारा तो हाजीरजामीन. सरकारचा वसूल भरला जाईल याची हमी देणारा तो मालजामीन. आणि इसम यापुढे नीट वागेल याची हमी घेणारा तो फैलजामीन. आपल्या विषयाच्या दृष्टीने हा तिसरा प्रकार विशेष महत्त्वाचा आहे. फैलजामीन राहणारा मनुष्य पैशापुरता बांधलेला नसे. दुसऱ्याच्या पुढील वर्तनाचा भार तो स्वतःच्या पतीवर घेत असे. अपराधी गुन्हेगारी, म्हणजे दंड, भरी, प्रायश्चित्त घेई आणि गोत त्यास पुन्हा पंक्तीस घेई. वि. त्र्यं. गुणे यांनी मराठ्यांच्या न्यायव्यवस्थेवरील १९५३ च्या इंग्रजी ग्रंथात या व्यवस्थेचे सविस्तर विवेचन केले आहे.

एलफिन्स्टनने १८१९ च्या अहवालात फौजदारी अधिकारांची जी उतरंड वर्णिली आहे, तिच्या तळाशी पाटील होता. एखाद्यास गावच्या चौकीत बसविणे त्याच्या हाती असे. क्षुल्लक अपराध या पायरीवरच थांबत असे.

या व्यवस्थेचे गोडवे गाण्याचे मात्र कारण नाही. जामीनदार मिळणे हे इसमाच्या जातीवर, वतनावर आणि गावातील वजनावर अवलंबून होते. गावची राखण करणाऱ्या रामोशी-महारांवर तर उलटी जबाबदारी होती : चोरीचा माग गावाबाहेर काढून देता आला नाही, तर नुकसान त्यांनी भरून द्यावे. समूहाने व्यक्तीची हमी घेणे आणि समूहालाच संशयित धरणे यांतील अंतर किती थोडे आहे, हे पुढे १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने दाखविले. १९११ च्या कायद्याने ही पद्धत मुंबई इलाख्यासही लागू होऊ शकली. ज्याची जमातच जन्मतः गुन्हेगार ठरविली गेली, त्याच्या बाबतीत ‘पहिला अपराध’ ही संज्ञाच निरर्थक झाली. हा कायदा देशपातळीवर ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द झाला.

चावडी आणि जंगल

इंग्रजी अमलात न्यायालये आली, तरी गावपातळीवरील पायरी पूर्णपणे मोडली नाही. १८६७ च्या मुंबई ग्राम पोलीस अधिनियमाने किरकोळ मारहाण व शिवीगाळ यांबद्दल पोलीस पाटलास चोवीस तासांपर्यंत कोंडून ठेवण्याचा अधिकार दिला होता. प्रकरण दंडाधिकाऱ्यापुढे जाण्याची गरज नसे.

मावळच्या दृष्टीने याहून मोलाचा, पण न्यायव्यवस्थेच्या अभ्यासकांनी फारसा न पाहिलेला विषय जंगलाचा आहे. सह्याद्रीच्या उतारावरील राने राखीव झाल्यावर सरपण, गवत, राब आणि चराई या रोजच्या गरजांचेच अपराध झाले. डोंगराकाठच्या शेतकऱ्याचा कायद्याशी पहिला संबंध बहुधा वनरक्षकामार्फतच येई. जंगल खात्याच्या जाचाविषयी महात्मा फुले यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये १८८३ मध्येच लिहिले होते. या कायद्यात आपसमेळाची तरतूद होती. १९२७ च्या भारतीय वन अधिनियमाच्या कलम ६८ नुसार, ज्याच्यावर वनअपराधाचा वाजवी संशय आहे, त्याच्याकडून अधिकारप्राप्त वनाधिकारी नुकसानभरपाई स्वीकारून प्रकरण संपवू शके. मूळ कायद्यात तिची मर्यादा पन्नास रुपये होती. रक्कम भरली की खटला नाही, दोषसिद्धीही नाही. शास्त्रीय परिभाषेत ही खटलापूर्व सुटकाच होय. पण तिच्यात सुधारणेचा विचार नाही, जामीनदार नाही, आणि संशय खरा की खोटा हे तपासणारा तिसरा पक्षही नाही. निरपराध मनुष्यानेही फेऱ्या टाळण्यासाठी रक्कम भरून मोकळे व्हावे, असा मोह त्यात अंगभूत आहे.

दोषसिद्धीनंतरची दया

१८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ५६२ ने चोरी, फसवणूक, अपहार यांसारख्या गुन्ह्यांतील प्रथम अपराध्यास सदाचाराच्या बंधपत्रावर सोडण्याची सोय केली. १८८७ च्या इंग्लंडमधील कायद्याची छाया तिच्यावर स्पष्ट दिसते. त्यानंतर १९३८ चा मुंबई अपराधी परिवीक्षा अधिनियम आणि १९५८ चा केंद्रीय अधिनियम आला. या सर्वांत क्रम एकच आहे : आधी खटला, मग दोषसिद्धी, मग शिक्षेऐवजी परिवीक्षा. १९५८ च्या अधिनियमाचे कलम १२ दोषसिद्धीमुळे येणारी अपात्रता दूर करते खरे. परंतु केंद्रीय राखीव पोलीस दलातील एका शिपायाच्या प्रकरणात १९९० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, या कलमामुळे खातेनिहाय कारवाई टळत नाही. नोकरीच्या उमेदवारीत असलेल्या तरुणासाठी हा भेद केवळ तांत्रिक राहत नाही.

खटल्यापूर्वीची वाट महाराष्ट्रात पुन्हा दिसते ती १५ ऑगस्ट २००७ पासून, महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहिमेत. ग्रामसभेने नेमलेल्या समितीने दिवाणी, महसुली आणि तडजोडपात्र फौजदारी तंटे सामोपचाराने मिटवावेत, अशी ही योजना. गोतसभेचा सूर तिच्यात ऐकू येतो. तिचे दोषही त्याच जातीचे आहेत. समितीसमोर दुर्बल पक्षाने दिलेली संमती कितपत मोकळी असते, हे तपासणारी यंत्रणा क्षीण आहे. शिवाय तडजोडीनंतर अपराध्याच्या पुढील वर्तनाची जबाबदारी कोणी घ्यावी, असा फैलजामिनाचा भाग येथे आलेला नाही.

लोणावळा : गाव नसलेल्यांचे शहर

ही मोहीम ग्रामपंचायतींची. लोणावळा नगरपरिषदेचे शहर तिच्या कक्षेबाहेर राहते. हे शहर मुळातच बाहेरून आलेल्यांनी घडविले. १८५६ ते १८६३ या काळात बोरघाटाच्या रेल्वेमार्गावर राबलेल्या हजारो मजुरांपैकी बहुसंख्य परमुलखातले होते. १८५९ मध्ये थकलेल्या मजुरीवरून त्यांचा दंगा उसळला. त्यांच्यासाठी हमी देणारा पाटील किंवा गोत येथे नव्हते. आज हॉटेले, बंगले आणि बांधकामांवर काम करणाऱ्या स्थलांतरितांची स्थिती या बाबतीत फार वेगळी नाही. १९५८ च्या अधिनियमाचे कलम ४ परिवीक्षेसाठी अट घालते की, अपराध्याचा किंवा त्याच्या जामीनदाराचा न्यायालयाच्या हद्दीत कायम निवास किंवा नियमित व्यवसाय असावा. गावी घर असलेल्या मावळकरास ही अट सहज पुरी करता येते. हंगामी कामगारास वडगाव मावळच्या न्यायालयात ती सिद्ध करणे कठीण जाते.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या संहितांनी प्रथम अपराध्याकडे अधिक लक्ष दिले आहे. पाच हजार रुपयांपेक्षा कमी किमतीच्या चोरीत, माल वा त्याची किंमत परत केल्यास, प्रथमच दोषी ठरलेल्यास सामुदायिक सेवा सांगितली आहे. पण तीही दोषसिद्धीनंतरच. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ नुसार, पूर्वी कधीही दोषी न ठरलेल्या कच्च्या कैद्यास कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ कोठडीत काढल्यावर बंधपत्रावर सोडता येते; मात्र जन्मठेप वा मृत्युदंडाचे गुन्हे वगळले आहेत आणि एकाहून अधिक गुन्हे प्रलंबित असल्यास ही सवलत मिळत नाही. ज्याला जामीनदार मिळतो, तो तोवर बहुधा घरी गेलेला असतो. कलम ४७९ ची वाट पाहणारा उरतो तो जामीनदार नसलेला.