साइडपट्टी कुठे गेली? खानदेशच्या रस्त्यांचा पायी इतिहास

आधी एक विनंती. हा भाग तुम्ही रस्त्यानं चालत किंवा सायकलवर ऐकत असाल, तर एका कानातला इयरफोन काढून ठेवा. मागून येणारी गाडी ऐकू आली पाहिजे. आणि पायी असाल, फुटपाथ नसेल, तर रस्त्याच्या उजव्या कडेनं चाला, म्हणजे समोरून येणारं वाहन दिसतं. आजचा विषय त्या कडेचाच आहे.

जळगाव आणि धुळे जिल्ह्यांच्या सीमेवर माझ्या मामाचं गाव आहे. मामाच्या मुलीला आठवीत सरकारी सायकल मिळाली. मानव विकास कार्यक्रमातून, आठवी ते बारावीच्या मुलींना, शाळा ५ किलोमीटरच्या आत असेल तर मिळते ती. राज्यातल्या २३ जिल्ह्यांतल्या १२५ तालुक्यांत हा कार्यक्रम चालतो आणि जळगाव, धुळे, नंदुरबार हे तिन्ही जिल्हे त्यात आहेत. पहिलं वर्ष मजेत गेलं. दुसऱ्या पावसाळ्यात समोरून ट्रॅक्टर-ट्रॉली आली, मागून डंपर आला, हिनं सायकल डांबरावरून खाली घेतली आणि चाक वीतभर खाली आदळलं. मनगट मोडलं. हाड जुळलं, पण सायकल तेव्हापासून ओट्यावर उभी आहे. त्यानंतर मामी तिला एकटीला पाठवायला तयार होईना.

मी व्यवसायानं सॉफ्टवेअरवाला. काही बिघडलं की आधी जुना कोड उघडून बघायची सवय. दिवाळीत गावी गेलो तेव्हा मीटरटेप घेऊन त्या रस्त्यावर गेलो. आणि परत आल्यावर प्रश्न पडला की हा रस्ता असा झाला कसा? कोणी, कधी, कोणासाठी बांधला? ते शोधत गेलो, त्याचा हा भाग झाला.

सुरुवात १८१८ पासून करू. त्या वर्षी खानदेश इंग्रजांकडे गेला. कॅप्टन जॉन ब्रिग्ज इथला पहिला इंग्रज अधिकारी. त्यानं १८१९ मध्ये धुळ्याला मुख्य ठाणं केलं, कारण धुळं मध्यावर होतं आणि मुंबई-आग्रा वाटेवर होतं. आज धुळ्यातून जो आग्रा रोड जातो, तोच. बाकी खानदेशात तेव्हा गाडवाटा होत्या. काळी माती, पावसाळ्यात बैलगाडी रुतली की रुतली. माणसं पायीच चालायची.

त्या काळात 'सुरक्षित रस्ता' याचा अर्थ एकच होता, माल आणि खजिना सुखरूप पोचला पाहिजे. सातपुड्यातल्या सेंधवा घाटात वाटेची राखण खाज्या नाईक या भिल्ल नाईकाकडे होती. १८५७ मध्ये तोच उठला आणि इंदूरहून मुंबईकडे निघालेला खजिना त्यानं लुटला. १८५८ मध्ये अंबापाणीची मोठी लढाई झाली. खाज्या नाईकाची गोष्ट स्वतंत्र भागाची आहे, कधीतरी करू. इथे एवढंच लक्षात ठेवा की रस्त्यावर पहारा होता तो खजिन्यासाठी. डोक्यावर भारा घेऊन बाजाराला जाणारी बाई कोणाच्या हिशोबात नव्हती.

(जाता जाता: खानदेशचा इतिहास वाचायचा तर धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळाचं नाव टाळता येत नाही. इतिहासाचार्य राजवाडे जुनी दप्तरं गोळा करत महाराष्ट्रभर पायी हिंडले. आज त्यांना डंपरच्या बाजूनं चालावं लागलं असतं तर किती दप्तरं हाती लागली असती, देव जाणे.)

मोटारी आल्या आणि चित्र बदललं. १९२७ मध्ये सरकारनं रस्त्यांसाठी समिती नेमली. अध्यक्ष आपले मराठी बॅरिस्टर मुकुंदराव जयकर. समितीनं सुचवलं की पेट्रोलवर जादा कर लावा आणि तो पैसा रस्त्यांना द्या. १९२९ मध्ये गॅलनमागे २ आणे असा कर सुरू झाला. त्यातून रस्त्यांचा निधी उभा राहिला आणि पुढे १९३४ मध्ये इंडियन रोड्स काँग्रेस ही इंजिनिअरांची संस्था आली, जी आजही रस्त्यांची मापं ठरवते. जयकरांना मी दोष देत नाही, तेव्हा रस्त्यांना पैसा हवाच होता. पण माझ्या मते एक गोष्ट तिथेच रुजली. पैसा पेट्रोल जाळणाऱ्याकडून येणार, मग मोजणीही त्याचीच होणार. पायी चालणारा पेट्रोल घेत नाही, आणि सायकलवालाही नाही.

डिसेंबर १९४३ मध्ये मुख्य अभियंत्यांची परिषद नागपूरला भरली. तिथे ठरलेली २० वर्षांची योजना 'नागपूर योजना' म्हणून ओळखली जाते. राष्ट्रीय महामार्ग, राज्य महामार्ग, जिल्हा मार्ग, ग्रामीण मार्ग ही उतरंड तिथली. गावाबाहेरच्या दगडावर 'ग्रा.मा.' लिहिलेलं पाहिलंय ना? त्याचं मूळ तिथे आहे. योजनेचं एक ध्येय होतं की शेतीच्या भागातलं कुठलंही गाव मुख्य रस्त्यापासून ५ मैलांपेक्षा लांब राहू नये. चांगलं ध्येय. पण ते ५ मैल लोक कसे जाणार? पायीच ना! म्हणजे चालणारा माणूस त्या आकड्यात बसलेला होता, फक्त त्याच्यासाठी जागा आखलेली नव्हती.

आता येतो आजीच्या भागाकडे.

१९७२ चा दुष्काळ. खानदेशातही विहिरी आटल्या होत्या, जनावरं विकली जात होती. सरकारनं दुष्काळी कामं काढली: तलाव, नालाबांध आणि सगळ्यात जास्त दिसणारं काम म्हणजे रस्ते. मे १९७३ मध्ये राज्यभरात जवळपास ५० लाख माणसं अशा कामांवर होती. पुढे यातूनच रोजगार हमी योजना पक्की झाली, वि. स. पागे यांची कल्पना, आणि १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. शहरातल्या मुलांना हा आकडा वाटेल. आमच्या घरात ती आजीची कहाणी आहे. आजी तेव्हा विशीत होती, कडेवर माझी मावशी. सकाळी चालत साइटवर जायचं, दिवसभर खडी फोडायची, घमेल्यानं मुरूम टाकायचा, दुपारी पोरांना सुकडी मिळायची. डोळ्यात कच जाऊ नये म्हणून पदर कसा बांधायचा ते ती अजून करून दाखवते. त्या कामांवर बायकांची संख्या मोठी होती. मामाच्या गावाचा रस्ता त्याच वर्षी पहिल्यांदा आखला गेला.

त्याच रस्त्यानं आता आजी मंदिरात जात नाही. मी विचारलं का, तर म्हणाली, "सडक आम्हीच बनाडी रे भाऊ, अन् आते आम्हलेच चालाले जागा नही." अहिराणी न येणाऱ्यांसाठी: रस्ता आम्हीच बांधला आणि आता आम्हालाच चालायला जागा नाही.

गंमत बघा, १९७२ मध्येच दुसऱ्या एका देशात रस्त्यावरून आग पेटली होती. नेदरलँड्स. आज तो सायकलींचा देश म्हणून रीलमध्ये दिसतो, आपल्याला वाटतं तिथले लोक जन्मतःच शहाणे असतील. तसं नाहीये. युद्धानंतर तिथेही मोटारींसाठी रस्ते रुंद केले, सायकलवाले बाजूला ढकलले. १९७१ मध्ये त्या छोट्या देशात रस्त्यांवर ३ हजारांहून जास्त माणसं मेली, त्यात ४०० हून जास्त मुलं होती. एका पत्रकारानं स्वतःची मुलगी अपघातात गमावल्यावर पेपरात लेख लिहिला, आणि 'मुलांची हत्या थांबवा' नावाची चळवळ उभी राहिली. आईबाप पोरांना घेऊन रस्त्यात बसले. १९७३ मध्ये तेलाचं संकट आलं, रविवारी मोटारी बंद ठेवाव्या लागल्या, आणि लोकांनी मोकळ्या रस्त्यावर सायकली काढून बघितलं की हे असंही असू शकतं. सायकलींच्या वेगळ्या वाटा, गल्ल्यांमधले कमी वेग हे सगळं त्यानंतर हळूहळू, भांडून मिळालेलं आहे.

आपल्याकडे त्या वर्षांत रस्ता असणं हीच मोठी गोष्ट होती, त्यामुळे कडेचा विचार कोण करणार. खरं तर तोही केला गेला, थोडा उशिरा. २५ डिसेंबर २००० ला प्रधानमंत्री ग्राम सडक योजना सुरू झाली आणि त्यासाठी ग्रामीण रस्त्यांचं मापांचं पुस्तक आलं. त्यात सपाट भागातल्या साध्या गावरस्त्याचं माप असं आहे: मधे डांबर ३.७५ मीटर, आणि भरावाची एकूण रुंदी ७.५ मीटर. म्हणजे दोन्ही बाजूंना जवळपास पावणेदोन-दोन मीटर मुरमाची साइडपट्टी. दोन बायका डोक्यावर हंडे घेऊन शेजारी शेजारी चालतील, मागून सायकल येईल, एवढी जागा!

मग ती गेली कुठे? टेप लावल्यावर मला जे दिसलं ते सांगतो. रस्त्याचं 'रुंदीकरण' झालं होतं, डांबर साडेपाच मीटर. पण भराव तोच, साडेसातचा. नव्या जागेसाठी शेतकऱ्यांची जमीन घ्यावी लागते, पैसा लागतो, वाद होतात, म्हणून डांबर आतल्या आत पसरवलं. साडेसातातून साडेपाच गेले, राहिले दोन मीटर, म्हणजे एका बाजूला एकच मीटर. त्या एका मीटरमध्ये पाइपलाइनचा चर खोदून अर्धवट बुजवलेला. वेडी बाभूळ आत वाकलेली. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते, कड खचते. आणि दर काही वर्षांनी डांबराचा नवा थर जुन्यावरच चढतो, साइडपट्टीला मात्र मुरूम टाकत नाहीत, त्यामुळे पायरी तयार होते. माझ्या बहिणीची सायकल आदळली ती हीच पायरी. रस्ता कागदावर सुधारला होता. आमच्या धंद्यात क्वचित होणाऱ्या प्रकाराला एज केस म्हणतात, नंतर बघू म्हणून सोडून देतात. पण शाळा सुटताना त्या रस्त्यावर कडेनं जाणारेच जास्त असतात.

रस्ता गुळगुळीत झाला की वेग वाढतो, हे वेगळं सांगायला नको. जागतिक आरोग्य संघटनेचा हिशोब असा की पायी माणसाला ५० च्या वेगानं मोटार धडकली तर मरण्याची शक्यता २० टक्क्यांच्या आत असते, ८० च्या वेगानं जवळपास ६० टक्के. हे मोटारीचं. वाळूच्या डंपरचं काय, ते तुम्हीच समजा.

मोठ्या रस्त्यांवर आपल्याकडे लोक याबद्दल बोलले आहेत. जळगावातून जुना महामार्ग क्रमांक ६, आताचा ५३, थेट वस्तीतून जातो. बाजूला समांतर रस्ते द्या म्हणून जळगावकरांनी वर्षानुवर्षं आंदोलनं केली. नोव्हेंबर २०२१ मध्ये आळंदी-पंढरपूर आणि देहू-पंढरपूर पालखी मार्गांच्या चौपदरीकरणाचं भूमिपूजन झालं, त्यात दोन्ही बाजूंना वारकऱ्यांसाठी वेगळी चालण्याची वाट धरली आहे. हे मला फार महत्त्वाचं वाटतं. सरकारनं राष्ट्रीय महामार्गावर पायी माणसाला जागा आखून दिली, म्हणजे ते जमतं. पण आपल्या मुक्ताईची पालखी मुक्ताईनगरहून निघते, बुलढाणा, जालना, बीडमार्गे महिनाभर चालते, तिच्या बहुतेक वाटेवर अशी सोय नाही. चैत्रात खानदेशातून सप्तशृंगी गडावर पायी जाणारे भाविकही भर उन्हात महामार्गाच्या पांढऱ्या पट्टीवरूनच चालतात. आणि रोज शाळेत जाणाऱ्या पोरीची कुठली पालखी नसते, त्यामुळे तिची बातमीही होत नाही.

कायदा आहे का? आहे. २०१९ च्या दुरुस्तीनं मोटार वाहन कायद्यात कलम १९८अ आलं. ठरलेल्या मापांप्रमाणे रस्ता न बांधल्यामुळे मृत्यू किंवा अपंगत्व आलं, तर जबाबदार यंत्रणेला किंवा ठेकेदाराला १ लाखापर्यंत दंड. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं चालणाऱ्यांचा फुटपाथवरचा हक्क हा घटनेच्या कलम २१ चा, म्हणजे जगण्याच्या हक्काचा भाग मानला. गावरस्त्याला फुटपाथ नसतो, तिथे साइडपट्टी हाच फुटपाथ. हे माझं म्हणणं, न्यायालयाचं नाही.

आम्ही काय केलं? फार काही नाही. २६ जानेवारीच्या ग्रामसभेत मामानं अर्ज दिला. मागण्या साध्या: साइडपट्टीवर मुरूम टाकून डांबराच्या पातळीला आणा, बाभळी तोडा, गावात शिरताना आणि शाळेजवळ गतिरोधक करा आणि त्यावर पांढरे पट्टे मारा. अर्जाला मी मापांचा तक्ता जोडला होता, दर १०० मीटरला एक नोंद आणि मोबाईलवर काढलेला फोटो. सरपंचांनी तो तक्ता दोनदा उलटून पाहिला आणि विचारलं, "हे मोजायला कोण आलं होतं?" आजी मागे बसली होती, तिनं हात वर केला. खोटं नाही, टेपचं दुसरं टोक तिनंच धरलं होतं.

मार्चमध्ये गावाकडच्या टोकाला मुरूम पडला, शाळेपर्यंत नाही. रोलर अजून फिरलेला नाही, त्यामुळे पहिल्या पावसात किती टिकतो ते बघायचं. पोळ्याला मी पुन्हा टेप घेऊन जाणार आहे. बहिणीनं सायकलच्या ट्यूब बदलून आणल्यात, मामी अजून हो म्हणालेली नाही.

तुमच्या गावच्या साइडपट्टीची रुंदी मोजलीत तर मला पाठवा. डांबराच्या कडेपासून उतारापर्यंत मोजायचं, आणि खाली किती खोल आहे तेही लिहायचं.