पोट भरणें आणि पोषण होणें

मांजरापुढें दूधभात ठेवला आणि कुत्र्याला उरलेली पोळी घातली, कीं आपलें भूतदयेचें कर्तव्य संपलें, अशी आपणां गृहस्थांची जुनी समजूत आहे. पोट भरलें म्हणजे पोषण झालें, हें तिचें मूळ. तें किती कच्चें आहे, हें विसाव्या शतकाच्या इतिहासानें तीन वेळां दाखविलें.

पहिला प्रसंग लंडनचा, पहिल्या महायुद्धाच्या अखेरचा. ब्रिटनमधील मुलांत तेव्हां मुडदूस, म्हणजे हाडें वांकविणारा रोग, फार होता. एडवर्ड मेलनबी या संशोधकानें कुत्र्यांचीं पिल्लें घरांतच ठेवून त्यांना मुख्यतः ओटची लापशी, पाव अशा धान्यान्नावर वाढविलें. पिल्लें पोटभर जेवीत. पण त्यांना मुडदूस झाला. त्याच अन्नांत कॉड माशाच्या यकृताचें तेल मिसळतांच तो टळला. तेलांतील हें गुणकारी द्रव्य पुढें ‘ड’ जीवनसत्त्व या नांवानें ओळखलें गेलें. असंख्य बालकांचीं हाडें सरळ राहिलीं, त्यांत या मुक्या पिल्लांचा वांटा आहे.

दुसरा प्रसंग १९४६ सालचा, आणि संशोधकहि तेच. कुत्रीं एकाएकीं वेड लागल्याप्रमाणें धांवत सुटत आणि झटके येऊन पडत, असा एक विकार पुष्कळ दिवस लोकांना चकवीत होता. पीठ पांढरें शुभ्र दिसावें म्हणून गिरण्यांत त्यावर नायट्रोजन ट्रायक्लोराइड या वायूचा प्रयोग करीत. अशा पिठाचें अन्न हेंच विकाराचें कारण, असें मेलनबींनीं दाखवून दिलें. तसल्याच पिठाचा पाव माणसेंहि खात होतीं! पुढील दहा वर्षांत ब्रिटननें ही रीति सोडून दिली.

तिसरा प्रसंग मांजरांचा. टॉरीन नांवाचें द्रव्य अन्नांत नसल्यास मांजराच्या डोळ्यांतील दृष्टिपटल झिजतें, हें १९७५ मध्यें अमेरिकेंत सिद्ध झालें. १९८७ मध्यें कॅलिफोर्नियांतील डेव्हिस येथें पॉल पायन व त्यांचे सहकारी यांनीं आणखी एक शोध लाविला. विकतचें तयार अन्न खाणाऱ्या कित्येक मांजरांचीं हृदयें फुगून दुबळीं होत होतीं. त्या अन्नांत टॉरीनचें प्रमाण तत्कालीन नियमाप्रमाणें होतें, तरी तें अपुरें ठरलें. टॉरीन देतांच बरीच मांजरें सुधारलीं, आणि कारखानदारांनींहि त्याचें प्रमाण वाढविलें.

येथें एक भेद ध्यानांत ठेवावा. कुत्र्याचें शरीर टॉरीन बहुधा स्वतः तयार करतें. मांजराच्या शरीराला तें पुरेसें साधत नाहीं. हें द्रव्य मांस-मासळींत असतें, धान्यांत नसतें. म्हणजे मांजर हें लहान आकाराचें कुत्रें नव्हे, आणि दूधभातावर वाढणारें तर नव्हेच. पुष्कळ प्रौढ मांजरांना दूध पचतहि नाहीं. ज्यांच्या घरीं सामिष चालत नाहीं, त्यांनीं मांजर आणण्यापूर्वींच या गोष्टीचा विचार करावा. टॉरीन घातलेलें परिपूर्ण अन्न विकत आणावें, किंवा मांजर पाळण्याचा मोह आवरावा. आपला आहारधर्म आपण खुशाल पाळावा. पण तो न विचारतां मुक्या जिवावर लादणें ही दया नव्हे.

कुत्र्याचा जीव धान्यावर पुष्कळसा निभावतो, तरी नुसती पोळी त्यालाहि पुरत नाहीं. शिवाय आपल्या पानांतलें सारेंच त्याला सोसत नाहीं. कांदा-लसणानें कुत्र्यामांजरांच्या रक्तांतील तांबड्या पेशी फुटतात. द्राक्षें व मनुका यांनीं कुत्र्याचीं मूत्रपिंडें निकामी होऊं शकतात. चॉकलेटहि विषासमान आहे. शिजविलेलीं हाडें फुटून अणकुचीदार होतात व आंतड्यांत रुततात. तेव्हां मसाल्याची आमटी-भाजी, शिऱ्यांतल्या मनुका आणि ताटांतलीं हाडें त्याच्यापुढें टाकूं नयेत.

या प्राण्यांना आपलें दुखणें सांगतां येत नाहीं. पिल्लांनीं तें वांकलेल्या हाडांनीं सांगितलें, मांजरांनीं थकलेल्या हृदयानें. आपण त्यांच्या पुढ्यांत काय ठेवतों, हें आधींच पाहिलें, तर तें सांगण्याची पाळी त्यांच्यावर येणार नाहीं.