गर्भाशयातील गाठ : उपचारांचा इतिहास आणि निवडीचा हक्क



वसंत व्याख्यानमालेच्या व्यासपीठावरून बायकांच्या दुखण्याविषयी बोलावे, आणि तेही कामगार संघटनेच्या माणसाने, याचे काही जणांस नवल वाटेल. हा विषय डॉक्टरांचा, फार तर घरातल्या थोरल्या बायकांचा, अशी आपली समजूत आहे. आमचे म्हणणे असे की, ज्या दुखण्यापायी बाईचे कामाचे दिवस बुडतात, ज्याच्या खर्चासाठी अंगावरचे डाग गहाण पडतात आणि ज्याचा निर्णय पुष्कळदा तिला न विचारता होतो, ते दुखणे चारचौघांत बोलण्याजोगेच आहे. आम्ही वैद्यक शिकलेले नाही. वाचनालयात बसून जे वाचले आणि कामकरी बायकांच्या रजेचे अर्ज लिहून देताना जे कानांवर आले, त्याच्या आधारे हा इतिहास मांडीत आहोत. कोणी गोळी घ्यावी आणि कोणी शस्त्रक्रिया करून घ्यावी, हे सांगण्याचा आमचा अधिकार नाही. ही निवड आजवर कोणी केली आणि काय पाहून केली, एवढेच आज तपासावयाचे आहे.

प्रथम दुखणे समजून घेऊ. गर्भाशय, म्हणजे आपल्या बायका जिला ‘पिशवी’ म्हणतात ती, बहुतांशी स्नायूंची बनलेली असते. त्या स्नायूंतूनच कधी कधी गाठी वाढतात. डॉक्टर त्यांना फायब्रॉइड म्हणतात. कोणाची गाठ वाटाण्याएवढी, तर कोणाची नारळाएवढी. ती पिशवीच्या बाहेरच्या अंगाला असेल, भिंतीत असेल किंवा आतल्या पोकळीत असेल. आतल्या पोकळीतली लहानशी गाठही फार रक्त घालविते, आणि बाहेरच्या अंगाची मोठी गाठ वर्षानुवर्षे कळतसुद्धा नाही. पाळीच्या वेळी अतोनात अंगावरून जाणे, त्यामुळे अंगातले रक्त कमी होणे, ओटीपोट जड वाटणे, वारंवार लघवीस लागणे, क्वचित मूल न राहणे, ही तिची लक्षणे. पुष्कळ बायकांना मात्र काहीच त्रास नसतो. पाळी कायमची गेल्यावर या गाठी बहुधा आपोआप आक्रसतात, आणि त्यांत कर्करोग निघणे ही विरळा गोष्ट आहे. ही तीन वाक्ये श्रोत्यांनी ध्यानात ठेवावीत. पुढच्या साऱ्या कथेत त्यांचे काम पडणार आहे.

ही गाठ स्नायूंच्या पेशींपासून होते, हे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास जर्मनीच्या रुडॉल्फ फिर्शो यांनी दाखविले. हे तेच फिर्शो, ज्यांना १८४८ साली सायलीशिया प्रांतात तापाच्या साथीची चौकशी करण्यास सरकारने पाठविले, आणि ज्यांनी परत येऊन औषधांच्या यादीऐवजी शिक्षण, स्वातंत्र्य आणि पोटभर अन्न यांची शिफारस केली. सूक्ष्मदर्शकाखाली पेशी पाहणाऱ्या माणसाला गरिबाची झोपडीही दिसत होती.

आता शस्त्रक्रियेकडे वळू. या इतिहासाची पहिली पाने दोन गिरणगावांत लिहिली गेली, हे वाचून आम्हांस कुतूहल वाटले. पहिले गाव इंग्लंडातले मँचेस्टर. तेथे १८४३ साली चार्ल्स क्ले यांनी बीजकोशाची गाठ समजून एका बाईचे पोट उघडले, तो आत गर्भाशयाची गाठ निघाली. त्यांनी गर्भाशय काढले. बाई रक्तस्रावाने गेली. पुढल्या वर्षी त्यांनी दुसऱ्या बाईवर तीच शस्त्रक्रिया केली. ती पंधरवडाभर जगली, बरी होण्याच्या वाटेवर होती, आणि बिछान्याची चादर बदलताना सेवकांच्या हातून खाली पडून मेली. शस्त्रक्रियेचे यश सर्जनच्या सुरीइतकेच चादर बदलणाऱ्या हातांवर असते, हे तेव्हापासून दिसून आले आहे. आणि हे सारे भुलीवाचून चालले होते, कारण ईथरची भूल जगापुढे आली ती १८४६ साली बॉस्टन येथे.

दुसरे गाव अमेरिकेतले लॉवेल. कापडगिरण्यांतल्या ज्या मुलींनी १८३४ आणि १८३६ साली संप केले आणि १८४५ साली दहा तासांच्या दिवसासाठी सरकारकडे अर्ज केले, त्यांचे हे गाव. येथे १८५३ साली वॉल्टर बर्नहॅम यांनी, पुन्हा बीजकोशाचीच गाठ समजून, एका बाईचे पोट उघडले. तिला उलटीची उबळ आली, त्या जोराने गाठींनी भरलेली पिशवी बाहेर आली आणि काही केल्या आत जाईना. काढण्यावाचून गत्यंतर उरले नाही. ती बाई वाचली. त्याच वर्षी, त्याच गावात, गिल्मन किंबॉल यांनी गाठीचे निदान आधी करून जाणूनबुजून गर्भाशय काढले, आणि तीही बाई वाचली. परंतु हे दोन विजय पाहून भुलून जाऊ नये. त्या काळात ही शस्त्रक्रिया झालेल्या बायकांपैकी बहुतेक दगावत. म्हणून तेव्हाची निवड भयंकर होती : रक्त जाऊन हळूहळू झिजावे, की टेबलावर एका दिवसात मरण ओढवून घ्यावे?

मग लिस्टर यांनी १८६७ साली जंतुनाशक पद्धत मांडली, टाके घालण्याची आणि रक्तवाहिन्या बांधण्याची रीत सुधारली, आणि मृत्यू कमी होऊ लागले. पण धोका कमी झाला तशी सुरीची घाईही वाढली. अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यातील रॉबर्ट बॅटी यांनी १८७२ साली बायकांच्या नाना तक्रारींवर चांगले बीजकोश काढून टाकण्याची चाल पाडली. बीजकोश गेले की पाळी थांबते आणि गाठही आक्रसते, म्हणून हाच इलाज गाठीवरही होऊ लागला. पुढे क्ष-किरणांनी बीजकोश जाळून पाळी बंद करण्याचीही एक लाट विसाव्या शतकाच्या आरंभी येऊन गेली. या प्रत्येक वेळी गाठ खरोखर आक्रसली. पण तरुण बाईला अकाली म्हातारपण आले. इलाज लागू पडला एवढ्याने तो योग्य ठरत नाही.

या प्रवाहाविरुद्ध उभा राहिलेला माणूस म्हणजे लंडनच्या मिडलसेक्स रुग्णालयातील व्हिक्टर बॉनी. गाठ काढा, पिशवी राखा, असा त्यांचा आग्रह. ही पद्धत त्यांनी शोधलेली नव्हे. पेन्सिल्व्हेनियातील अॅटली बंधूंनी १८४० च्या दशकातच पोट उघडून नुसत्या गाठी काढल्या होत्या. परंतु रक्तस्रावाच्या भयाने सर्जन तिच्या वाटेस जात नसत. बॉनी यांनी गर्भाशयाच्या रक्तवाहिन्या तात्पुरत्या दाबून धरणारा चिमटा बनविला आणि शेकडो बायकांवर ही शस्त्रक्रिया करून ती सुरक्षित असल्याचे दाखविले. एका बाईच्या पिशवीतून त्यांनी दोनशेंहून अधिक गाठी काढल्या, तरी पिशवी जागेवर ठेवली. त्यांच्या स्वतःच्या पत्नीचे गर्भाशय गाठींपायी गेले होते आणि त्या जोडप्यास मूल झाले नाही. ज्या रोगाने मरण येत नाही, त्यासाठी बाईचे आई होणे बंद करू नये, हा त्यांच्या विचाराचा गाभा होता. वैद्यकाच्या इतिहासात येथे पहिल्यांदा बाईची इच्छा तराजूत पडलेली दिसते.

त्यानंतर मार्ग वाढत गेले. जपानात उताको आणि शोसुके ओकामोटो या दांपत्याने १९६२ साली ट्रॅनेक्झॅमिक अॅसिड हे रक्त थांबविणारे औषध जगापुढे आणले. आज पाळीतल्या अतिरक्तस्रावावर जी स्वस्त गोळी देतात ती हीच. थोडे थोडे संप्रेरक सोडणारी, तांबीसारखी पिशवीत बसविण्याची वस्तू १९९० साली फिनलंडात बाजारात आली. पोकळीचा आकार फार बिघडला नसेल तर तिने रक्त कमी होते. गाठ तात्पुरती आक्रसविणारी इंजेक्शने आली. ती लांबविली तर हाडे विरळ होतात, म्हणून बहुधा शस्त्रक्रियेपूर्वी काही महिने देतात. पोकळीतली गाठ खालच्या मार्गाने दुर्बीण घालून, पोट न फाडता काढता येऊ लागली. पोटाला लहान छिद्रे पाडून दुर्बिणीने संपूर्ण पिशवी काढण्याची पद्धत अमेरिकेत हॅरी राइख यांनी १९८८ साली केली.

पॅरिसची गोष्ट तर मोठी बोधप्रद आहे. तेथे जाक राविना आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शस्त्रक्रियेत रक्त कमी जावे म्हणून गाठीकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या आधीच बारीक कणांनी बुजविण्यास आरंभ केला. झाले असे की, शस्त्रक्रियेची तारीख येईतो पुष्कळ बायकांचा त्रासच थांबला आणि त्यांना शस्त्रक्रियेची गरज उरली नाही. १९९५ साली त्यांनी हे प्रसिद्ध केले आणि पूर्वतयारी हाच एक उपचार होऊन बसला. रुग्णाला थोडे थांबू दिले आणि तिला कसे वाटते ते विचारले, म्हणून हा शोध लागला.

आता तराजू हातात घेऊ. त्रास नसेल तर नुसती तपासणी करीत राहणे हाही रीतसर उपचार आहे. रक्त जात असेल तर प्रथम रक्तवाढीची औषधे, गोळ्या किंवा पिशवीत बसविण्याची वस्तू. मूल हवे असेल तर नुसती गाठ काढणे. मात्र गाठी पुन्हा होऊ शकतात, हे आधी सांगितले पाहिजे. रक्तवाहिन्या बुजविल्याने पोट फाडणे टळते, पण पुढे मूल हवे असणाऱ्या बाईस तो मार्ग सहसा सुचवीत नाहीत, आणि ती सोय मोठ्या शहरांपुरतीच आहे. पाळी जाण्याचे वय जवळ आले असेल तर कळ काढून वाट पाहता येते. आणि पिशवी काढणे? त्यानंतर गाठ पुन्हा होत नाही, रक्त कायमचे थांबते. वर्षानुवर्षे हैराण झालेल्या कित्येक बायकांना त्याने नवा जन्म मिळाल्यासारखे वाटते. त्या शस्त्रक्रियेची निंदा आम्ही करणार नाही. मात्र ती परतवता येत नाही. पोट उघडून केली तर सहा आठवडे जड काम वर्ज्य. सोबत बीजकोशही काढले तर हाडांचा आणि हृदयाचा धोका वाढतो. म्हणून ती शेवटी विचारात घ्यावयाची, पहिल्या भेटीत उरकावयाची नव्हे.

प्रत्यक्षात काय होते, ते आपल्याच महाराष्ट्रात पाहू. बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार बायकांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ साली गाजला. शासनाने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. ८२,३०९ बायकांची पाहणी झाली. त्यांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली आढळली. म्हणजे शंभरांत जवळजवळ सतरा. याउलट २०१५-१६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील १५ ते ४९ वयाच्या बायकांत हे प्रमाण शंभरांत सुमारे तीन होते. बीडच्या साऱ्या बायकांना गाठीच होत्या असे नव्हे. कोणाचे पोट दुखत होते, कोणाला पांढरे जात होते, कोणाला पाळीचा त्रास होता. ‘पिशवी खराब झाली, कॅन्सर होईल’ असे सांगितले गेले, की बाई घाबरून तयार होई. जी दुखणी औषधाने बरी होण्याजोगी, त्यांवरही सुरी चालली.

याचे कारण रुग्णालयात जितके आहे तितकेच उसाच्या फडात आहे. नवराबायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून हंगामाआधी उचल घेतलेली. एक दिवस खाडा पडला तर मजुरी बुडते आणि वर दंड बसतो. कोपीवर ना न्हाणीघर, ना पाण्याची सोय. पाळीच्या चार दिवसांची रजा नाही, मग औषधाचा गुण येईतो तीन महिने थांबणार कोण? अशा वेळी एकदाची पिशवी काढून टाकणे हा बाईला स्वतःलाच हिशेबाचा मार्ग वाटतो. ती राजीखुशीने गेली असे कागदावर लिहिता येते. परंतु ज्या निवडीत दुसरा पर्याय परवडतच नाही, तिला निवड म्हणणे म्हणजे उपाशी माणसाला एकादशी केल्याचे पुण्य देण्यासारखे आहे.

कायद्याने काही पावले टाकली आहेत. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २००८ मध्ये असा निर्णय दिला की, केवळ तपासणीसाठी घेतलेली संमती म्हणजे गर्भाशय काढण्याची संमती नव्हे, आणि सज्ञान बाई भुलीखाली असताना तिच्या आईने दिलेला होकार चालत नाही. जिवावरचा प्रसंग असेल तेवढाच अपवाद. पुढे बिहार, छत्तीसगड आणि राजस्थान येथील अनावश्यक शस्त्रक्रियांविषयी डॉ. नरेंद्र गुप्ता यांनी २०१३ साली केलेल्या अर्जावर एप्रिल २०२३ मध्ये निकाल लागला, आणि केंद्र शासनाची मार्गदर्शक तत्त्वे सर्व राज्यांनी तीन महिन्यांत लागू करावीत, असा आदेश झाला. ही पावले मोलाची आहेत. पण कायदा दवाखान्याच्या दारापाशी उभा राहतो; फडात तो अजून पोचावयाचा आहे.

या बाबतीत मुंबई इलाख्याचा एक जुना धडा आहे. १९२८ साली बाळंतपणाच्या भत्त्याचे विधेयक कायदे कौन्सिलात आले, तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी त्याच्या बाजूने भाषण केले, आणि १९२९ साली तो कायदा झाला. बाईच्या देहाचा भार मालकाने व समाजाने काही अंशी उचलावा, हे तत्त्व तेव्हा मान्य झाले. पुढे १९४८ च्या कायद्याने राज्य विमा योजना उभी राहिली. तीत विमेदार कामगाराला आजारपणात सत्तर टक्के मजुरी, वर्षातून ९१ दिवसांपर्यंत मिळते. ज्या बाईपाशी हे कार्ड आहे ती डॉक्टरला म्हणू शकते, ‘तीन महिने औषध घेऊन पाहीन.’ जिच्यापाशी नाही ती विचारते, ‘कामावर कधी जाता येईल?’ दोघींची गाठ एकच, डॉक्टर एकच, पण उपचार निराळे ठरतात. म्हणून आम्ही भरपगारी रजेला उपचाराचाच भाग समजतो, आणि ती मागणी करणे हे संघटनेचे काम मानतो.

श्रोत्यांपैकी पुष्कळांच्या घरी हा प्रश्न आज ना उद्या येईल. तेव्हा बाईला एकटीला दवाखान्यात धाडू नये आणि तिच्या वतीने परस्पर होकारही देऊ नये. सोबत जावे, आणि तिने चार प्रश्न विचारावेत : गाठ कोठे आहे व केवढी आहे? काहीच केले नाही तर काय होईल? पिशवी राखून कोणता उपाय होण्यासारखा आहे? बीजकोश ठेवणार की काढणार? उत्तर पटले नाही तर दुसऱ्या डॉक्टरचे मत घ्यावे; चांगल्या डॉक्टरला त्याचा राग येत नाही. एवढे विचारून, समजून, ज्या बाईने पिशवी काढून घेण्याचे ठरविले तिचा निर्णय योग्य. आणि ज्या बाईने राखण्याचे ठरविले तिचाही योग्य. मँचेस्टर आणि लॉवेलच्या त्या बायकांना ही सवड नव्हती. आपल्या लेकीसुनांना ती आहे, आणि फडातल्या बाईलाही ती मिळाली पाहिजे, एवढी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.