तळटीप १४ : गावपळण

१४. गावपळण : मालवण तालुक्यातील आचरा, चिंदर, वायंगणी या गावांची प्रथा. ग्रामदेवतेचा कौल झाला की सगळा गाव गुरे, कोंबड्या, कुत्र्यांसह वेशीबाहेर जातो आणि तीन दिवस, तीन रात्री झावळांच्या खोपींत राहतो. आचऱ्यात हा कौल रामेश्वराचा, साधारण दर चार वर्षांनी. जातिधर्म न पाहता सारे निघतात. परतण्यासाठी पुन्हा कौल लागतो. एकट्याची इच्छा इथे गौण, म्हणून लेखकाने अल्डस हक्स्लीच्या ‘ब्रेव्ह न्यू वर्ल्ड’ (१९३२) या कादंबरीची आठवण काढली आहे. तुलना थोडी ताणलेली वाटते. कादंबरीतले राज्य स्थैर्यासाठी नागरिकांना ‘सोमा’च्या गोळ्या देऊन कायमचे सुखी ठेवते, गावपळणीतली सक्ती तीन दिवसांची, आणि खोपींत भजने-फुगड्या रंगतात त्या गोळीवाचून.